फुलोऱ्यातली मिरची आणि पिवळी पानं

घरात दिव्याखाली मिरच्या लावणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "पानं पिवळी पडलीत, काय टाकू?" माझा भाचा तर "काय टाकू" आधी लिहितो आणि फोटो मागून पाठवतो. तोही जांभळ्या एलईडीखाली काढलेला, म्हणजे त्यात पान हिरवं, पिवळं की करडं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. माझं ठरलेलं उत्तर जातं: दिवा बंद कर, खिडकीतल्या उजेडात फोटो काढ, आणि पिवळं पान झाडावर कुठे आहे ते सांग. शेंड्याला, मधे, की बुडाशी?

त्याला वाटतं मावशी टाळाटाळ करतेय. पण अर्धं निदान त्या "कुठे"मध्येच असतं. रंगावरून जेवढं कळत नाही तेवढं जागेवरून कळतं.

मी मिरच्या कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) कुंड्यांत लावते, विद्राव्य खतांवर वाढवते. खोलीत सूर्य नाही, पाऊस नाही, गांडूळ नाही. झाडाला जे काही मिळतं ते माझ्या हातून. त्यामुळे काही बिघडलं की बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं, आणि काय बिघडलं ते शोधणंही त्यामानाने सोपं असतं. जमिनीत हजार गोष्टी एकाच वेळी चाललेल्या असतात. कुंडीत मोजक्याच.

पिवळेपणाची खरी धमाल सुरू होते ती झाड फुलोऱ्यावर आल्यावर. तोपर्यंत झाड पानं, फांद्या, मुळं यात रमलेलं असतं. कळ्या दिसायला लागल्या, पहिली फळं धरली, की घरातला कारभार बदलतो. फळ आणि बी यांना नत्र (नायट्रोजन) हवं, पालाश (पोटॅशिअम) हवं, साखर हवी, आणि ती आत्ता हवी. मुळांकडून येणारा पुरवठा कमी पडला तर झाड जुन्या पानांकडे वळतं, त्यांतलं नत्र सोडवून घेतं आणि वर पाठवतं. रिकामं झालेलं पान फिकं पडतं, मग पिवळं, मग बोट लागताच गळतं. त्यातही बुडाची पानं वरच्या छत्रीने झाकलेली असतात. दिवा वरून एकाच जागेवरून प्रकाश टाकतो. बाहेर सूर्य फिरतो तसा तो फिरत नाही. खालच्या पानांना स्वतःच्या पोटापुरतंही कमावता येत नाही, तेव्हा झाड त्यांना आधी निवृत्त करतं. फुलोऱ्यात बुडाची दोन-चार पानं पिवळी होऊन गळणं हा आजार नाही. त्यावर खत ओतू नका. गळू द्या, उचला, टाकून द्या.

मग आजार कधी म्हणायचा? पिवळेपणा बुडावरून वर चढायला लागला, फळं धरलेल्या फांद्यांपर्यंत पोचला, किंवा थेट शेंड्यालाच दिसला, तेव्हा.

झाडाच्या आत काही अन्नद्रव्यं फिरती असतात आणि काही एकदा जिथे बसली तिथेच राहतात. नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश आणि मॅग्नेशिअम ही फिरती. कमी पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून लक्षणं खाली दिसतात. लोह, मँगनीज, बोरॉन, कॅल्शिअम ही जवळजवळ अचल. जुन्या पानांत कितीही साठलेली असली तरी नव्या पानांच्या कामाची नाहीत. नव्या पानाला ती रोज मुळांकडूनच ताजी मिळावी लागतात. म्हणून त्यांची लक्षणं शेंड्याला. गंधक मधलंच, पण त्याचा फिकेपणाही बहुधा वरून सुरू होतो. हे एवढं डोक्यात बसलं की निम्म्या शंका आपोआप गळतात. बुडाचं पान पिवळं आणि कोणी "लोह दे" म्हणालं, तर त्याने झाड नीट बघितलेलं नाही.

खालून सुरू होणाऱ्या पिवळेपणात तीन वेगळे चेहरे आहेत. नत्राचा पिवळेपणा सरसकट असतो. अख्खं पान, शिरांसकट, एकसारखं फिकं होत जातं. पालाशाचा कडेने येतो: पानाची किनार आधी पिवळी, मग तपकिरी आणि कुरकुरीत, मधला भाग मात्र बराच वेळ हिरवा. आणि मॅग्नेशिअमचा, जो मला सगळ्यात देखणा वाटतो. देखणा म्हणायला नको खरं तर, पण आहे. मुख्य शीर आणि तिच्यातून फुटणाऱ्या उपशिरा गडद हिरव्या राहतात, त्यांच्यामधली जागा पिवळी होत जाते, आणि पान उजेडासमोर धरलं की माशाच्या काट्यासारखी नक्षी उठून दिसते. भिंग असेल तर शिरेच्या दोन्ही बाजूंची हिरवी पट्टीही दिसते, शिरेला बिलगून. पुढे त्या पिवळ्या भागात गंजल्यासारखे ठिपके येतात. तिथवर गेलं की ते पान संपलं.

मॅग्नेशिअमचं एवढं कौतुक का, तर हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशिअमचा एक अणू बसलेला असतो आणि त्याला चार नत्राच्या अणूंनी धरून ठेवलेलं असतं. नत्र आणि मॅग्नेशिअम कमी पडल्यावर पान पिवळं का होतं, याचं उत्तर इतकं सरळ आहे. लोहाचं तसं नाही. लोह हरितद्रव्यात नसतंच, पण ते तयार करायच्या कामात लागतं. कारखान्यातल्या अवजारासारखं.

लोहाच्या कमतरतेत शेंड्याची कोवळी पानं पिवळी येतात आणि त्यांवर शिरांचं बारीक हिरवं जाळं दिसतं, अगदी बारीक शिरांसकट. फारच वाढलं तर पान पांढरट. मँगनीजही असंच वागतं, फक्त जाळं जरा अस्पष्ट आणि हिरवा भाग शिरांभोवती पसरट. सुरुवातीला दोन्हींत फरक करणं अवघड जातं. त्यावर एक जुनी युक्ती आहे आणि मला ती फार आवडते. १८४० च्या दशकात युसेब ग्री नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने पिवळ्या पानांना लोहाच्या क्षाराचं द्रावण लावून ती हिरवी होतात हे दाखवलं होतं. तेच आज घरी करता येतं. चिलेटेड लोह (विरघळलेलंच राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह) पाण्यात अगदी पातळ मिसळायचं, लहान ब्रश घ्यायचा आणि शेंड्याच्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागावर दोन्ही बाजूंनी फिरवायचा. मुख्य शीर ही सीमा. दुसरा अर्धा भाग कोरा. दिवा बंद झाल्यावर लावायचं, म्हणजे थेंब लगेच वाळत नाहीत. मग थांबायचं. गेल्या खेपेला मी एका रोपावर हे केलं, तेव्हा लावलेल्या बाजूवर आधी हिरवे डाग उमटले, जिथे जिथे थेंब टिकला होता तिथे, आणि नंतर ते एकमेकांना मिळाले. कोरी बाजू जशीच्या तशी पिवळी. एकाच पानात दोन रंग, मधे शिरेची रेघ. अख्खी कुंडी लोहाने न्हाऊ घालण्याआधी हा पुरावा हातात असलेला बरा.

आता पुरावा मिळाला म्हणजे कुंडीत लोह नाही असं नाही. बहुतेकदा लोह असतं, झाडाला ते घेता येत नाही. इथे सामू येतो, म्हणजे पीएच. कोकोपीटमध्ये मी तो ५.८ ते ६.२ च्या आसपास ठेवते. मातीच्या कुंडीत ६ ते ६.८ चालतो. तो ७ च्या वर सरकला की लोह आणि मँगनीज मुळांच्या हाताशी असूनही विरघळत नाहीत. आणि सामू वर सरकायला विशेष काही करावं लागत नाही. पाणी जड असेल तर त्यातलं बायकार्बोनेट रोज थोडं थोडं साचतं. त्यात मूळ नायट्रेटच्या रूपात नत्र घेतं तेव्हा त्याच्या भोवतीचा सामूही वर जातो. म्हणून कित्येकदा झाड लहान असताना ठणठणीत असतं आणि नेमकं फुलोऱ्यात शेंडा पिवळा पडतो. लोक म्हणतात फुलोऱ्यात लोह जास्त लागतं. अहो, तोवर पाण्याने आपलं काम केलेलं असतं.

चिलेटेड लोह घेताना डब्यावर ईडीटीए, डीटीपीए की ईडीडीएचए लिहिलंय ते बघा. ही लोहाला बांधून ठेवणाऱ्या रेणूंची नावं. ईडीटीएवालं साधारण ६.५ पर्यंतच टिकतं, डीटीपीए ७ च्या थोडं वर, आणि ईडीडीएचए त्याहूनही बऱ्याच जास्त सामूला. पाणी जड आणि सामू ७ च्या वर असताना ईडीटीए लोह घालत राहणं म्हणजे नुसती समाधानाची बाब.

आणि आता माझ्या आवडत्या भांडणाकडे. "फुलोरा स्पेशल" खतं.

फुलं म्हणजे स्फुरद, ही समजूत कुठून आली माहीत नाही, पण फार खोल रुजलेली आहे. झाडाला कळ्या दिसल्या की लोक नत्र बंद करतात आणि ०-५२-३४ चा मारा सुरू करतात. हे आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के, याच क्रमाने. हिशेब करून बघू. पिशवीवरचा ५२ हा आकडा स्फुरदाचा नाही, पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे त्याच्या ऑक्साइडचा आहे. निव्वळ स्फुरद काढायचा तर ०.४४ ने गुणायचं. म्हणजे साधारण २३ टक्के. तसंच पालाशाचा आकडा के-टू-ओचा, त्याला ०.८३ ने गुणायचं. ०-५२-३४ लिटरला १ ग्रॅम टाकलं तर पाण्यात स्फुरद होतो जवळपास २२७ पीपीएम, म्हणजे लिटरला २२७ मिलिग्रॅम. मिरचीला फळं लागलेली असतानाही ३० ते ५० पीपीएम पुरतो. उरलेला काय करतो? लोह आणि जस्ताच्या वाटेत उभा राहतो. सोबतचा जास्तीचा पालाश मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअमला मुळापाशी ढकलून देतो, कारण ही तिन्ही धनभारित आणि आत शिरायची स्पर्धा एकाच दारात. आणि नत्र शून्य. म्हणजे ज्या वेळी फळांना नत्र हवं त्याच वेळी ते बंद, आणि वर मॅग्नेशिअमची कोंडी. मग बुडाची पानं सरसकट पिवळी, मधली पानं माशाच्या काट्याची, शेंडा फिका. तिन्ही एकाच झाडावर. असं झाड बघून "याला सगळंच कमी पडलंय" असं वाटतं आणि आणखी एक डबा उघडला जातो.

०-५२-३४ वाईट खत नाही. माझ्याकडे आहे, मी वापरते. फक्त मीठ वापरावं तसं.

माझं फुलोऱ्यातलं मिश्रण सांगते, क्षार जवळपास नसलेल्या पाण्यासाठी. दर लिटरला कॅल्शिअम नायट्रेट ०.८ ग्रॅम, पोटॅशिअम नायट्रेट म्हणजे १३-०-४५ हे ०.४ ग्रॅम, ०-५२-३४ फक्त ०.१५ ग्रॅम, आणि मॅग्नेशिअम सल्फेट ०.४ ग्रॅम. वर चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं लेबलावरच्या मात्रेत. याचा हिशेब होतो नत्र सुमारे १७५ पीपीएम, स्फुरद ३४, पालाश १९०, कॅल्शिअम १५०, मॅग्नेशिअम ४० च्या आत-बाहेर. ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांमुळे येणारी पाण्याची वीजवाहकता, साधारण १.८ ते १.९ मिलिसीमेन्स. नत्र आणि पालाश जवळजवळ बरोबरीने, स्फुरद त्यांच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. नत्र यापेक्षा फार वाढवलं तर मात्र दुसरं दुखणं: पानं गडद, जाड, झाड झुडपासारखं, आणि फुलगळ. मिरचीला पोटभर नत्र मिळालं की तिला पोरंबाळं नकोशी होतात.

एक खबरदारी. कॅल्शिअम नायट्रेट बाकीच्यांशी घट्ट द्रावणात मिसळायचं नाही. सल्फेटबरोबर जिप्सम आणि फॉस्फेटबरोबर कॅल्शिअम फॉस्फेट होऊन तळाला पांढरा गाळ बसतो, आणि तो गाळ म्हणजे तुमचंच खत. दोन वेगळ्या बाटल्या ठेवायच्या आणि पूर्ण पाण्याने भरलेल्या बादलीत एकामागून एक ओतायच्या. पाणी मुळातच जड असेल तर त्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आधीच आहे, तेवढं वजा करा. आरओचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी असेल तर उलट: त्यात दोन्ही नाहीत, आणि कॅल्शिअम-मॅग्नेशिअमची कमतरता आरओ वापरणाऱ्यांच्या घरी हमखास पाहुणी येते.

कोकोपीटचा आपला एक स्वभाव आहे. ते कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम स्वतः धरून ठेवतं आणि त्या बदल्यात पोटॅशिअम आणि सोडिअम सोडतं. म्हणून ते नवं असताना कॅल्शिअम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, निथळून मगच भरतात. ते न करता लावलेल्या रोपाला पहिले काही आठवडे मॅग्नेशिअम कितीही द्या, आधी कोको खातं, मग झाड.

पिवळं पान दिसल्यावर मी डब्याला हात लावण्याआधी एक गोष्ट करते. कुंडीखाली कोरडी बशी ठेवते, नेहमीचं खतपाणी सावकाश घालते आणि खालून जे गळतं त्याची ईसी मोजते. वरून १.८ गेलं आणि खालून ३.४ आलं, तर कुंडीत क्षार साचलेत. झाड उपाशी दिसतंय, पण जेवणाच्या ढिगाऱ्यात बसलंय. अशा वेळी आणखी खत म्हणजे आणखी जाळ. पानाची टोकं करपतात ती इथूनच. उपाय हा की खतपाणी निम्म्या ताकदीचं करून भरपूर सोडायचं, खालच्या पाण्याची ईसी वरच्याच्या जवळ येईपर्यंत. निव्वळ साध्या पाण्याने कोको धुऊ नका, कॅल्शिअम निघून जातं. याउलट वरून १.८ आणि खालून १ आलं, तर झाड खरंच भुकेलं आहे. तेव्हाच मात्रा वाढवायची, आणि तीही थोडी.

मीटरबद्दल एक बारीकसारीक गोष्ट, जिने बरीच भांडणं लावली आहेत. पीपीएम दाखवणारे मीटर खरं तर ईसीच मोजतात आणि आत गुणाकार करून आकडा दाखवतात. काही १ मिलिसीमेन्सला ५०० धरतात, काही ७००. एकच पाणी एकाकडे ९०० आणि दुसऱ्याकडे १२६०. भाच्याने कुठल्याशा तक्त्यावरून आकडे उचलले होते आणि त्याचा मीटर दुसऱ्या मापाचा. तेव्हापासून मी त्याला ईसीच सांग म्हणते. सामूचा मीटरही अधूनमधून ७ आणि ४ च्या प्रमाणित द्रावणात तपासून घ्या. हा मीटर आपोआप चुकत जातो आणि चेहऱ्यावर काही दाखवत नाही.

मोजून सगळं ठीक निघालं आणि तरी पानं पिवळी, तर बोट कुंडीत घाला. वाफसा आहे का? वाफसा म्हणजे ओल आणि हवा दोन्ही एकाच वेळी. सतत चिंब कुंडीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि श्वास न घेणारं मूळ अन्नही घेत नाही. बुडाची पानं फिकट, देठातून लोंबणारी, आणि कुंडी उचलायला जड: हे जास्त पाण्याचं लक्षण. नत्राच्या कमतरतेसारखंच दिसतं, कारण आत नत्राचीच कमतरता असते. शक्य असेल तर रोप कुंडीतून अलगद सरकवून मुळी बघा. पांढरी शुभ्र मुळी असेल तर घाबरायचं कारण नाही. तपकिरी, चिकट, वास मारणारी असेल तर जगातलं कुठलंच खत उपयोगाचं नाही. आधी पाणी तोडा. कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तोही निरोप तोच. थंडीतही मुळं आळशी होतात. कुंडी गार फरशीवर असेल तर खाली लाकडी फळी सरकवा. गार मुळांना स्फुरद घेणं जड जातं आणि पानांवर जांभळी झाक येते.

दिव्याचं काय? शेंडा पिवळा आणि लोह ठीक, तर वर बघा. दिव्याच्या नेमकी खाली असलेली पानं फिकी आणि कडेच्या फांद्यांची हिरवी असतील तर ते अन्नाचं नाही, उजेडाचं दुखणं आहे. दिवा वर घ्या किंवा मंद करा. मिरचीला फळांसाठी दिवसाला दर चौरस मीटरवर २० मोलच्या (मोल हे प्रकाशकणांचं माप) आसपास प्रकाश मिळाला तर बरं चालतं. पीपीएफडी (दर चौरस मीटरवर सेकंदाला पडणारा प्रकाश, मायक्रोमोलमध्ये) ४०० असेल आणि दिवा १४ तास चालत असेल तर ४०० गुणिले १४ गुणिले ०.००३६, झाले २० मोल. मिरचीला फुलोऱ्यावर आणायला दिवस लहान करावा लागत नाही, त्यामुळे तास कमी करायच्या भानगडीत पडू नका. एलईडीची आणखी एक गंमत: जुन्या सोडिअम दिव्यांसारखी उष्णता तो पानावर फेकत नाही, त्यामुळे पान खोलीच्या हवेपेक्षा फारसं तापत नाही आणि पाणी कमी उडवतं. कॅल्शिअम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर चढतं. प्रवाह मंद, तर कॅल्शिअम मंद. बंद, दमट खोलीत, पंखा नसताना, कॅल्शिअम नायट्रेट व्यवस्थित देऊनही कोवळी पानं वेडीवाकडी येतात आणि मिरचीच्या टोकाशी खोलगट, कातडीसारखा डाग पडतो. त्यावर एक लहान पंखा कॅल्शिअमच्या बाटलीपेक्षा जास्त काम करतो. आणि त्या डागावर मॅग्नेशिअम सल्फेट टाकायचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नको म्हणा. मॅग्नेशिअम कॅल्शिअमशी स्पर्धा करतं, डाग वाढेल.

अंड्याची टरफलंही अशीच. टरफलात कॅल्शिअम आहे हे खरं, पण कार्बोनेटच्या रूपात, आणि ते इतकं सावकाश विरघळतं की या फुलोऱ्याला त्याचा काही उपयोग नाही.

पान उलटून बघायला विसरू नका. पिवळे बारीक टाचणीएवढे ठिपके आणि मागच्या बाजूला तलम जाळी असेल तर लाल कोळी आहे, आणि कोरड्या, उबदार खोलीत त्याची दिवाळी असते. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे, खाली वळली आणि देठ लांबले तर पिवळा कोळी. शेतकरी ज्याला चुरडामुरडा म्हणतात तो हाच घोळ, कधी किडींचा आणि कधी पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा. हिरवा-पिवळा चट्टेपट्टेदार रंग, आकसलेलं पान, खुजी वाढ हे तिन्ही एकत्र दिसलं तर ते झाड खताने सुधारायचं नाही. बाजूच्या कुंड्यांचा विचार करा आणि ते काढून टाका.

निदान झालं की एकच गोष्ट बदलायची. मॅग्नेशिअम असेल तर मी दोन कामं एकत्र करते हे मान्य, मुळातून मात्रा थोडी वाढवते आणि दिवा बंद झाल्यावर लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशिअम सल्फेटची फवारणी देते, उघड्या फुलांवर तुषार न मारता. बाकी काही हलवत नाही. एकाच दिवशी सामू, खत, दिवा आणि पाणी सगळं बदललं आणि झाड सुधारलं, तर पुढच्या वेळी काय करायचं ते कळत नाही. बिघडलं तर त्याहून कळत नाही.

आणि कुठलं पान बघायचं? पिवळं झालेलं नाही. नत्र किंवा लोहाचं पान वेळेत सापडलं तर थोडंफार हिरवं होतं, पण गंजलेले ठिपके आणि करपलेली कड कधीच परत येत नाही. उपायानंतर जे नवीन पान उघडतं ते बघायचं, आणि पिवळेपणा जिथे होता तिथेच थांबलाय की आणखी एक फांदी वर चढलाय ते बघायचं. मी उपाय केलेल्या दिवशी शेंड्याच्या खालच्या पेरावर लोकरीचा धागा सैल बांधते. धाग्याच्या वर जे येईल ते नव्या हिशेबातलं, खालचं जुन्या हिशेबातलं. भाचा धागा बांधत नाही, रोज फोटो काढतो, आणि रोज त्याला झाड कालच्यापेक्षा पिवळं वाटतं.

हंगामाच्या शेवटी, शेवटची फळं लाल होत असताना, मी पिवळ्या पानांच्या मागे लागणं सोडून देते. झाड स्वतःच आवरतं घेत असतं. मिरची बहुवर्षायू आहे, त्यामुळे फळं उतरवल्यावर मी तिला दोन-तीन डोळे ठेवून कडक छाटते आणि कोको एकदा पातळ खतपाण्याने निथळून घेते. पानंच नसल्यामुळे झाड पाणी अगदी थोडं पितं, म्हणून तोपर्यंत पाणीही कमी आणि खतही निम्मं. नव्या फुटव्यांना चार-सहा पानं आली की मात्रा पुन्हा हळूहळू वर न्यायची, आणि पहिली कळी दिसेपर्यंत ०-५२-३४ ची पिशवी फळीवरच राहू द्यायची नसेल, तरी चमचा लहान ठेवायचा.